साष्टी बेटावरील देवचांफा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर हीं नांवें आज आगगाडीच्या स्टेशनांचीं म्हणून सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु हीं चारीं ठिकाणें एकाच बेटावर वसलेलीं आहेत, ही गोष्ट रोज गाडीनें जाणारे-येणारेहि बहुधा विसरलेले असतात. त्या बेटाचें नांव साष्टी. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी आणि पश्चिमेस समुद्र, असा या बेटाचा घेर आहे. सहासष्ट गांवांचें म्हणून ‘षट्षष्टि’ आणि त्याचा अपभ्रंश साष्टी, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. त्या गांवांचीं भातखाचरें गेलीं, आंबराया विरळ झाल्या, विहिरी बुजल्या; पण जुन्या गांवठाणाची खूण म्हणून एक झाड अद्याप जागोजाग उभें दिसतें. देवळाच्या पायरीशीं, क्रुसाच्या चौथऱ्याशीं, दर्ग्याच्या भिंतीशीं आणि स्मशानाच्या फाटकाशीं तें सारख्याच शांतपणें उभें असतें. तें झाड म्हणजे पांढरा चांफा. त्यालाच कोणी देवचांफा, तर कोणी खुरचांफा म्हणतात.

हें झाड दिसावयास मोठेंसें सुंदर नाहीं. खोड वांकडें, साल राखी रंगाची, फांद्या जाड, बोथट आणि काठीसारख्या उघड्या. थंडींत पानें गळलीं म्हणजे झाड वाळून गेलें असाच भास होतो. पण वसंत आला कीं त्याच उघड्या टोकांवर फुलांचे घोस येतात, आणि कित्येकदां पानांच्या आधींच फुलें दिसूं लागतात. फूल पांच पाकळ्यांचें. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीखालीं दडलेली, त्यामुळें भिरभिऱ्यासारखा पीळ पडलेला दिसतो. रंग पांढरा, आणि गाभ्याशीं हळदीसारखी पिवळी झांक. वास दिवसां मंद, रात्रीं दाट. फांदी किंवा पान मोडलें कीं पांढरा चीक वाहूं लागतो. तो कातडीला व विशेषतः डोळ्यांना बाधतो, म्हणून वडील माणसें मुलांना फुलें जपून काढावयास सांगतात. श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण उपनगरांतील एखाद्या वाडींत गेलें असेल, त्यांना या फुलांच्या माळा, आंगठ्या आणि गजरे यांची आठवण करून देण्याचें कारण नाहीं.

असें हें देवाच्या दारांतील झाड. तें पुराणकाळापासून आपल्याकडे आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. समजूत स्वाभाविक आहे. कारण जें देवळांत आहे तें जुनें, आणि जें जुनें तें आपलें, असा आपल्या मनाचा हिशेब असतो. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे. देवचांफ्याची जन्मभूमि हिंदुस्थान नव्हे, आशिया खंडहि नव्हे. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन समुद्रांतील बेटें हें त्याचें मूळ घर. कोलंबस १४९२ मध्यें त्या बेटांना पोहोंचला, त्याच्यापूर्वीं हें झाड आपल्या किनाऱ्याला लागण्यास वाटच नव्हती. ज्या झाडाला आपण देवाचें म्हणतों, तें दोन महासागर ओलांडून आलेलें एक परदेशी झाड आहे.

झाडाला जन्मपत्रिका नसते. मग त्याचें मूळ कसें ठरवावयाचें? यास कांहीं साध्या कसोट्या आहेत. पहिली कसोटी भाऊबंदांची. ज्या देशांत एखाद्या वनस्पतीचे अनेक जवळचे भाऊबंद रानांत आपोआप वाढतात, तोच बहुधा तिचा मूळ देश. देवचांफ्याचे सख्खे भाऊबंद सर्व अमेरिकेंत आहेत; आपल्या रानांत त्यांतील एकहि नाहीं. कण्हेर, तगर आणि सातवीण हीं झाडें त्याच्याच कुळांतील खरीं, पण तें नातें लांबचें. दुसरी कसोटी वंशवृद्धीची. आपल्याकडे या झाडाला शेंगा क्वचितच धरतात. तें माणसाच्या हातानें लावलें तरच वाढतें. म्हणून तें सह्याद्रीच्या गर्द रानांत आपोआप उगवलेलें आढळत नाहीं. माणसाची वस्ती, देवस्थान किंवा कबर जवळ असावी लागते. तिसरी कसोटी नांवाची, आणि ती सर्वांत मनोरंजक आहे. देवचांफा, खुरचांफा, संस्कृतवजा क्षीरचंपक, हिंदींतील गुलचीन, यांपैकीं एकहि नांव या झाडाचें स्वतःचें जुनें नांव नव्हे. चांफा हें नांव दुसऱ्याचें आहे आणि त्याला नुसतें एक विशेषण जोडलेलें आहे. घरांत पाहुणा आला म्हणजे त्याला घरांतल्याच कोणाच्या तरी नात्यानें हांक मारावी, तसाच हा प्रकार.

तें मूळ नांव कोणाचें? सोनचांफ्याचें. संस्कृत ग्रंथांत जो चंपक येतो तो हाच. अमरकोशांत चंपकाला ‘हेमपुष्पक’ असा पर्याय दिला आहे. हेम म्हणजे सोनें. पांढऱ्या फुलाला सोन्याचें फूल कोणी म्हणणार नाहीं. एवढ्या एका शब्दानें जुन्या काळचा चंपक कोणता याचा निकाल लागतो. आपल्या मराठी भाषेनेंहि ही साक्ष जपून ठेवली आहे. सरळ, रेखीव नाकाला आपण चांफेकळीसारखें नाक म्हणतों. ही कळी सोनचांफ्याची. लांबट, निमुळती आणि नितळ. देवचांफ्याच्या कळीला दोरीसारखा पीळ असतो, आणि तसलें नाक कोणी आपल्या मुलीला मागणार नाहीं. चंपाकळी हा जुना दागिना, तोहि त्याच सोनेरी कळीच्या आकारावरून घडविलेला. ज्या शब्दांना आपण रोज वापरून गुळगुळीत करून टाकलें आहे, त्यांच्यांत कित्येकदां इतिहास असा जतन होऊन राहिलेला असतो.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मराठींत चांफे एक-दोन नाहींत. सोनचांफा आहे, देवचांफा आहे. हिरवा चांफा, कवठी चांफा, नागचांफा आणि भुईचांफा हेहि आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ यांना एका पंक्तीला बसविणार नाहीं. हिरवा चांफा सीताफळाच्या कुळांतील. नागचांफा म्हणजे नागकेशर, त्याचें कुळ उंडीचें. भुईचांफा आलें आणि हळद यांचा सगोत्र, आणि त्याचें फूल तर जमिनींतूनच वर येतें. कवठी चांफा तेवढा सोनचांफ्याच्या घरचा. देवचांफा आपल्या चिकासह कण्हेरीच्या घरांत जातो. मग या सर्वांना एक नांव कां? कारण शास्त्रज्ञ फुलाचे केसर मोजतो, आणि सामान्य माणूस फूल नाकाशीं नेतो. ज्या फुलानें मन प्रसन्न केलें, त्याला आपल्या पूर्वजांनीं चांफा म्हटलें. चांफा हें एका झाडाचें नांव राहिलें नाहीं. ती सुगंधाला दिलेली पदवी झाली. परदेशांतून आलेल्या देवचांफ्याला ही पदवी मिळाली, आणि तिच्याबरोबर ‘देव’ हें विशेषणहि मिळालें. यापेक्षां मोठा मान आपल्या समाजाजवळ देण्यासारखा नव्हता.

आतां हें झाड इकडे आलें कसें, तें पाहूं. त्याच्या मायदेशीं मेक्सिकोंतील नाहुआतल भाषेंत त्याचें नांव ‘काकालोशोचित्ल’. त्याचा अर्थ कावळ्याचें फूल. स्पॅनिश लोकांनीं सोळाव्या शतकांत मेक्सिको जिंकलें आणि १५६५ पासून मेक्सिकोंतील आकापुल्को बंदर व फिलिपिन बेटांतील मनिला यांच्यामध्यें त्यांच्या गलबतांची नियमित ये-जा सुरू झाली. ती १८१५ पर्यंत चालली. या गलबतांतून चांदी गेली, आणि तिच्याबरोबर रोपेंहि गेलीं. फिलिपिन बेटांत या फुलाला आजहि ‘कालाचुची’ म्हणतात. मेक्सिकोचें नांव तिकडच्या तोंडीं घोळून असें झालें आहे. झाड कोणत्या वाटेनें गेलें याचा पत्ता त्याच्या नांवानेंच दिला आहे. सतराव्या शतकांत डचांच्या नोकरींत असलेल्या रम्फियस या पंडितानें अंबोन बेटावरील वनस्पतींचें वर्णन लिहिलें, त्यांत हें झाड आलेलें आहे. अर्थात् तोंपर्यंत आशियाच्या बेटांत तें रुळलें होतें.

इतका लांबचा प्रवास या झाडाला साधला, याचें कारण त्याच्या शरीरांत आहे. आंब्याची कोय वाळली कीं वांझ होते. नाजूक रोपाला खाऱ्या वाऱ्यांत गोडें पाणी घालावें लागतें, आणि जहाजावर गोडें पाणी माणसालाच पुरत नसे. देवचांफ्याचें तसें नाहीं. त्याच्या मांसल फांदींत पाणी व चीक यांचा सांठा असतो. फांदी कापावी, तिची जखम सावलींत कांहीं दिवस वाळूं द्यावी, आणि मग भुसभुशीत मातींत रोवावी. ती मूळ धरते. किंबहुना ओली जखम तशीच जमिनींत पुरली तरच ती कुजण्याचें भय. पानें नसलेली अशी काठी आठवडेच्या आठवडे कोपऱ्यांत पडून राहिली तरी तिच्यांतील जीव जात नाहीं. दर्यावर्दी माणसाला याहून सोयीचें झाड कोणतें? आणि अशा तऱ्हेनें फांदीपासून वाढलेलें झाड म्हणजे मूळ झाडाचें अपत्य नव्हे, तर त्याच झाडाचा पुढें चाललेला देह. एका देवळांतून दुसऱ्या देवळांत, एका वाडींतून दुसऱ्या वाडींत फांदी गेली, म्हणजे तेंच झाड पुढें गेलें.

साष्टी बेटाचा इतिहास या प्रवासाला अनुकूल होता. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ च्या तहान्वयें वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांच्या स्वाधीन केलीं. पुढें दोनशें वर्षें साष्टी त्यांच्या अमलाखालीं राहिली. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या मोहिमेनें वसई पडली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. पोर्तुगीजांचीं जहाजें एका बाजूस ब्राझीलला, तर दुसऱ्या बाजूस गोवा, मलाक्का व मकाव येथें जात. आपल्याकडील काजू, अननस, पपई आणि मिरची हीं सर्व नव्या जगांतून त्या काळांत आलीं. तहनामे आणि लढाया दप्तरांत लिहिल्या जातात. काठी रोवणाऱ्याचें नांव कोणी लिहीत नाहीं. परंतु तहांनीं ठरविलेल्या सरहद्दी आज कोणाच्या ध्यानांत नाहींत, आणि रोवलेल्या काठ्या मात्र फुलत आहेत.

पोर्तुगीजांचा काळ साष्टींतील देवस्थानांना सुखाचा नव्हता. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें त्यांनीं प्रार्थनामंदिर केलें आणि त्याच्या माथ्यावर मठ व विद्यालय उभारलें; त्याचे भग्न अवशेष आजहि टेकडीवर दिसतात. मराठ्यांच्या विजयानंतर लेणें पुन्हां हिंदूंच्या पूजेंत आलें. एकाच कातळावर दोन धर्मांची ही ओढाताण झाली. पण याच बेटावर दुसरीहि एक गोष्ट मुकाट्यानें घडत होती. ज्या फुलाची फांदी परक्यांच्या गलबतांतून आली, ती देवळाच्या आवारांत लागली. आणि ज्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्या साष्टीच्या मूळ रहिवाशांच्या स्मशानांतहि तेंच झाड उभें राहिलें. हे लोक १८८७ पासून स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवूं लागले. त्यांची घरची बोली मराठीच. इस्लामी कबरस्तानांतहि हा चांफा आढळतो. माणसांनीं एकमेकांचे देव वेगळे मानले, पण फूल एकच वाहिलें.

सर्व धर्मांच्या पवित्र जागीं याच झाडाची निवड कां व्हावी? याचीं कारणें कांहीं व्यवहाराचीं आहेत आणि कांहीं भावनेचीं. व्यवहार असा कीं, या झाडाला पाणी घालावें लागत नाहीं, आणि चिकामुळें गुरें त्याला तोंड लावीत नाहींत. देवळाच्या किंवा स्मशानाच्या मोकळ्या आवाराला कुंपण नसतें व माळीहि नसतो. तेथें असेंच झाड टिकतें. भावना अशी कीं, सर्व पानें गळून सांगाडा उरला असतांनाहि तें फुलतें. तोडलेली फांदीहि पुन्हां जीव धरते. मरणानंतरच्या जीवनावर ज्याची श्रद्धा आहे, त्याला याहून बोलकें चिन्ह कोठें मिळणार? आणि कबरीवर फूल वाहावयास कोणी आलें नाहीं तरी रोज पहाटे दोन-चार फुलें आपोआप तिच्यावर पडतात. मृताची आठवण ठेवण्याचें काम जणुं झाडानेंच पत्करलें आहे.

हा अनुभव केवळ आपलाच नाहीं. सिंहलद्वीपांत बौद्ध लोक हींच फुलें ‘अरलिया’ या नांवानें बुद्धाला वाहतात. बालीच्या हिंदूंच्या रोजच्या नैवेद्यांत तीं असतात. जावा व मलाया येथें याला ‘कंबोजा’ म्हणतात, आणि स्मशानाचें झाड म्हणून लोक जरा बिचकतात. सयामी भाषेंत त्याचें जुनें नांव दुःख या अर्थाच्या शब्दाशीं जुळे, म्हणून तिकडे तें घराजवळ कोणी लावीत नसे. पुढें ‘लीलावदी’ असें नवें गोड नांव रूढ झालें आणि तेंच झाड अंगणांत आलें. लाओस देशांत तर आपल्यासारखाच प्रकार झाला. तेथें चंपा हा आपल्याकडचाच शब्द गेला, तो याच अमेरिकन झाडाला चिकटला, आणि ‘दोक चंपा’ हें आज त्या देशाचें राष्ट्रीय पुष्प आहे. हवाई बेटांत तर तें १८६० च्या सुमारास हिलब्रांड नांवाच्या जर्मन डॉक्टरानें नेलें. आज त्या बेटांवर पाहुण्याच्या गळ्यांत घालावयाच्या हाराचें तें मुख्य फूल झालें आहे. जेथें जेथें हें झाड गेलें, तेथें तेथें त्याला दोन-चार पिढ्यांत मूळचें रहिवासी समजण्यांत आलें.

युरोपियनांनीं या फुलाला काय म्हटलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. त्यांचें प्रचलित नांव ‘फ्रँजिपानी’. इटलींतील त्या नांवाच्या सरदार घराण्यांतील एकानें सोळाव्या शतकांत हातमोज्यांना लावावयाचें एक सुगंधी द्रव्य प्रसिद्धीस आणलें, असें सांगतात. पुढें या फुलाचा वास त्या मोज्यांसारखा वाटला, म्हणून मोज्यांचें नांव फुलाला मिळालें. आपण ओळखीच्या फुलाचें नांव अनोळखी फुलाला दिलें. त्यांनीं ओळखीच्या मोज्याचें दिलें. दोघांनाहि वाट दाखविली ती नाकानेंच.

शास्त्रीय नांवांची हकीकत याहूनहि चमत्कारिक आहे. शार्ल प्लुमिए हा फ्रेंच ख्रिस्ती साधु १६४६ मध्यें जन्मला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या आश्रयानें त्यानें कॅरिबियन बेटांच्या तीन सफरी केल्या, तेथील वनस्पतींचीं चित्रें काढलीं, आणि चौथ्या सफरीच्या तयारींत असतां १७०४ मध्यें स्पेनमध्यें देह ठेवला. त्याच्या नांवावरून देवचांफ्याच्या जातीला ‘प्लुमेरिया’ हें नांव मिळालें, आणि १७५३ मध्यें लिनियसनें तें आपल्या ग्रंथांत कायम केलें. याच प्लुमिएनें १७०३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत एका अमेरिकन वृक्षाला, मान्योल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ, ‘मॅग्नोलिया’ असें नांव दिलें होतें. आपल्या सोनचांफ्याला लिनियसनें ‘मिशेलिया चंपाका’ म्हटलें. पण अलीकडच्या काळांत शास्त्रज्ञांनीं ती जाति मॅग्नोलियांत सामावून घेतली, आणि सोनचांफा ‘मॅग्नोलिया चंपाका’ झाला. म्हणजे देवचांफ्याला त्या साधूचें नांव, आणि सोनचांफ्याला त्या साधूनें ठेवलेलें नांव. मराठी माणसानें ज्या दोन परक्या झाडांना एका हांकेनें भाऊ केलें, त्यांची शास्त्राच्या वहींतहि अशी गांठ पडली.

या इतिहासावरून दोन चुका टाळावयास शिकलें पाहिजे. पहिली चूक भाबडेपणाची. एखाद्या जुन्या देवळापाशीं किंवा लेण्यापाशीं पांढरा चांफा दिसला, कीं त्यावरून त्या स्थळाचें प्राचीनत्व सांगण्याचा मोह होतो. कान्हेरीचीं शंभरावर लेणीं इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत कोरलीं गेलीं. तेथें राहणाऱ्या भिक्षूंनीं देवचांफा पाहिलेला असणें शक्य नाहीं. त्यांच्या काळांत तें झाड पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला होतें. जुन्या शिल्पांतील प्रत्येक पांच पाकळ्यांच्या फुलाला देवचांफा म्हणणें, किंवा संस्कृत काव्यांतील चंपकाचें चित्र काढतांना पांढरें फूल रंगविणें, हीहि तीच चूक. खोडाची जाडी आणि वांकडेपणा पाहून झाडाचें वय शेंकड्यांनीं सांगणारेहि भेटतात. मऊ लांकडाच्या झाडाच्या बाबतींत तो अंदाज बहुधा फसतो. श्रद्धेला वयाचा खोटा दाखला लागत नाहीं, आणि इतिहासाला तो चालत नाहीं.

दुसरी चूक याच्या उलट, आणि अधिक घातक. झाड परदेशी आहे असें कळलें कीं, तें देवाला चालेल काय, आपल्या बागेंत असावें काय, असें विचारणारे निघतात. त्यांनीं दसऱ्याच्या दिवशीं आपल्या दाराकडे पाहावें. तोरणांतील झेंडू मेक्सिकोचा. लग्नाच्या हारांतील निशिगंध मेक्सिकोचा. संध्याकाळीं परसांत उमलणारी गुलबक्षीहि अमेरिकेची. ही सर्व मंडळी काढून टाकलीं, तर दसऱ्याचें दार उघडें पडेल आणि नवरानवरीचे गळे रिते राहतील. फुलाचा देश कोणता, हा प्रश्न विद्येचा आहे आणि त्याचें उत्तर खरेंच दिलें पाहिजे. फूल आपलें कीं परकें, हा प्रश्न मात्र तें कोणाच्या हातानें, कोणत्या भावनेनें आणि किती पिढ्या वाहिलें गेलें यावर ठरतो. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले म्हणजे विद्याहि बिघडते आणि भावनाहि.

आतां उपनगरांत या झाडाची आजची स्थिति पाहूं. १९२० मध्यें मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तेव्हां साष्टी ही खेड्यांची, वाड्यांची आणि आगरांची होती. पुढें बंगले आले, मग चाळी, मग इमारती. आणि आतां त्या इमारती पाडून त्यांच्या जागीं उंच मनोरे उठत आहेत. जुन्या आवाराच्या फाटकाशीं असलेला चांफा अशा वेळीं प्रथम अडचणींत येतो. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या रक्षणाचा १९७५ चा कायदा आहे आणि परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं, हें खरें. परंतु परवानगी मिळाली म्हणजे कुऱ्हाड चालतेच. नव्या इमारतीपुढें मग बाग होते, आणि तींत पुन्हां चांफाच लावला जातो. पण हा चांफा निराळा. पान चमच्यासारखें किंवा नागाच्या फणीसारखें, फुलें शुभ्र, घोस भरगच्च आणि वर्षांतील बराच काळ टिकणारे. रोपवाटिकांत याला नागचांफा म्हणूनहि विकतात. हाहि अमेरिकेंतून आलेला, देवचांफ्याचाच सख्खा भाऊ. पण त्याला वास जवळजवळ नाहींच.

नांवाची गंमत येथें संपते आणि हानि सुरू होते. देवचांफ्यानें सोनचांफ्याचें नांव घेतलें, तेव्हां त्यानें सुगंधाची किंमत मोजून तें घेतलें होतें. हा नवा पाहुणा खऱ्या नागचांफ्याचें, म्हणजे नागकेशराचें नांव घेतो, आणि त्याच्या बदल्यांत कांहींच देत नाहीं. ज्या मुलानें फक्त हाच चांफा पाहिला असेल, त्याला ‘चांफा’ म्हटल्यावर वास आठवणार नाहीं. आणि ज्या शब्दाचा जन्मच वासांतून झाला, तो त्याच्या लेखीं पोकळ होईल. सोनचांफ्याची तेवढी चिंता नाहीं. वसईकडचे बागायतदार त्याचीं कलमें लावतात, आणि तीं फुलें खाडी ओलांडून पहाटेच दादरच्या फुलबाजारांत येतात. त्याला बाजार आहे, म्हणून त्याला राखणारेहि आहेत. देवचांफ्याचीं फुलें दुसऱ्या दिवशीं काळवंडतात. त्यांची विक्री थोडी. त्याला राखणारे असले तर ते त्याचे शेजारीच.

सुदैवानें या झाडाला वांचविण्याचा उपाय त्याच्याच अंगांत आहे, आणि त्याला खर्च नाहीं. आवार मोडणार असें ठरलें तर पाऊस लागण्यापूर्वीं हातभर लांबीच्या दोन-चार फांद्या कापून घ्याव्या, चिकापासून डोळे जपावे, सावलींत आठ-दहा दिवस वाळूं द्याव्या आणि पाणी न सांचणाऱ्या मातीच्या कुंडींत रोवाव्या. नव्या इमारतीच्या फाटकाशीं, गांवठाणांतील क्रुसापाशीं, देवळाच्या कट्ट्याशीं, जेथें हातभर माती उघडी असेल तेथें तीं झाडें उभीं राहतील. तीं नवीं झाडें नसतील. आज्यापणज्यांनीं ज्याचीं फुलें वेंचलीं तेंच झाड दुसऱ्या जागीं उभें राहील. कॅरिबियन समुद्राच्या बेटांवरून साष्टी बेटापर्यंत ज्यानें वाट काढली, त्याला एका आवारांतून दुसऱ्या आवारांत जाणें कठीण नाहीं. फक्त काठी हातीं घेणारा कोणीतरी लागतो, आणि तो दरवेळीं मिळाला म्हणूनच हा चांफा येथपर्यंत आला.